असिस्टंटच्या कोडमध्ये पाचव्या स्क्रीनपर्यंत डिझाइन भरकटतं. चूक कुठे?

रेघोटी: फिग्मा या डिझाइनच्या साधनातल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट देऊन एआय कोडिंग असिस्टंटकडून रिअ‍ॅक्टचा कोड करून घेते. पहिली स्क्रीन जवळपास बरोबर येते. पाचवीपर्यंत १६ पिक्सेलचं अंतर १४ होतं, एकाच निळ्याच्या तीन छटा दिसतात. प्रॉम्प्ट वाढवू की पद्धतच चुकतेय? आणि कोड असाच निघणार असेल तर डिझायनरने हातात काय ठेवायचं?

चौकट: पद्धत चुकतेय. स्क्रीनशॉटमध्ये आकडे नसतात. मॉडेल अंतर आणि रंग अंदाजाने ठरवतं, तेही दर स्क्रीनला नव्याने. आधी टोकन, म्हणजे रंग-अंतराची नाव दिलेली ठरीव मूल्यं, पक्के करा. अंतरासाठी ४, ८, १२, १६, २४, ३२ पुरे. रंगाला कामावरून नाव द्या: ‘निळा-५००’ नको, ‘मुख्य-कृती’ हवं. सगळं सीएसएस (दिसण्याचा कोड) व्हेरिएबल म्हणून एकाच फाइलीत.

मग असिस्टंट दर वेळी वाचतो त्या सूचनांच्या फाइलीत लिहा: रंग-अंतर फक्त टोकनमधून, नवा कंपोनंट (बटणासारखा पुन्हा वापरायचा भाग) करण्याआधी असलेल्यांत शोध, सापडला नाही तर मला विचार. फाइल पानभरच ठेवा. लांबली की काही सूचना हमखास गळतात.

नुसत्या सूचनेवर मात्र विसंबू नका. स्टाइललिंट या सीएसएस तपासणाऱ्या साधनाचा ‘कलर-नो-हेक्स’ नियम टोकनची फाइल वगळून लावा. टोकनऐवजी कच्चा हेक्स (# ने सुरू होणारा रंगाचा कोड) आला की तपासणी अडते आणि तीच चूक असिस्टंटपुढे टाकून दुरुस्त करून घेता येते. आरजीबीत (लाल-हिरवा-निळ्याच्या आकड्यांत) लिहिलेला रंग या नियमातून निसटतो, त्यासाठी वेगळा नियम लागेल.

पाच स्क्रीन एकाच चॅटमध्ये तर अजिबात नको. एक स्क्रीन झाली की कमिट, म्हणजे तो टप्पा गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात नोंदवा, पुढचीला नवं चॅट. जुन्या चॅटमध्ये फसलेले प्रयत्नही संदर्भ म्हणून उरतात आणि मॉडेल त्यांचीच री ओढतं. दोनदा सांगूनही सुधारलं नाही तर समजावत बसू नका. गिटने मागे जा, मागणी नव्याने लिहा.

आडवी मात्रा: डिझायनरने हातात काय ठेवायचं, या प्रश्नाबद्दल. न सांगितल्यास मॉडेल बहुधा सगळं सुरळीत असतानाचीच स्क्रीन करतं. यादी रिकामी असेल तर? नेट गेलं तर? नाव ६० अक्षरांचं निघालं तर? हे ठरवणं तुमचं काम, आणि ते आता कोड लिहायच्या आधी शब्दांत मांडावं लागतं.

तपासणीही तुमचीच. माउस बाजूला ठेवून कीबोर्डच्या टॅब कळीने फिरा: डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) क्लिक लावून केलेलं बटण दिसतं हुबेहूब, पण फोकस त्यावर थांबत नाही. रुंदी ३२० पिक्सेल करून पाहा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे पार्श्वभूमीशी उजळपणाचं गुणोत्तर, किमान साध्या मजकुराला ४.५:१, इनपुटच्या कडेला ३:१. देवनागरीत ओळीची उंची १.२ ठेवून ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवला की वेलांटी आणि रफार कापले जातात. १.५ पासून सुरुवात करा.

रेघोटी: मग फिग्मा सोडायचं?

चौकट: छे! चार पर्याय शेजारी मांडून बघायला तेच बरं. असिस्टंटचं पहिलंच उत्तर इतकं नीटनेटकं दिसतं की दुसरं शोधायचं राहून जातं. हालचाल आणि फॉर्ममधल्या चुकांचे संदेश मात्र थेट कोडमध्ये ठरवा.

आडवी मात्रा: पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, तुम्हीच पाठवणार असाल तर ती दिसण्यापुरती ठेवा. डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) लॉगिन किंवा डेटाबेसची फाइल दिसली, की ती वगळा आणि डेव्हलपरला विचारा.