बोअरला कायदा आहे की!
वर कोणीतरी म्हटलंय की बोअर मारण्यावर राज्यात कायदाच नाही. आहे हो! महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, लागू व्हायला मात्र २०१४ उजाडलं, आणि त्यात शेती नि उद्योगासाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाई आहे, म्हणजे जेमतेम २०० फूट. आता मराठवाड्यात कुठल्याही बोअरवाल्याला २०० फूट म्हणून बघा, हसेल तो. बोअर मारायची गाडी रात्री येते, सकाळी बांधावर नुसता राखाडी चिखल. शेतकऱ्याला काय बोलणार, शेजारच्याने खोल नेली की याची आटते, मग हा पण कर्ज काढून आणखी खाली जातो. धरायचंच तर गाडीवाल्यांना धरा ना, त्यांची नोंदणी याच कायद्यात सक्तीची आहे.