नेरळ–माथेरान गाडी: पूर्ण घाट चढावा की शटल पुरेशी आहे?

सांजवाट

येत्या डिसेंबरमध्ये सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन माथेरानला जाण्याचा विचार आहे. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जावे आणि जवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंतची शटल पकडावी, हा एक मार्ग. नेरळलाच छोट्या गाडीत बसून सुमारे २१ किलोमीटरचा सगळा घाट चढावा, हा दुसरा. दुसऱ्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो असे कळते. घरातल्या काहींचे म्हणणे असे की, वाफेची इंजिने गेली तेव्हाच या गाडीतला वारसा संपला, आता तिच्यात आणि बागेतल्या झुकझुक गाडीत फरक उरलेला नाही, त्यामुळे हौसेपुरती शटल पुरे. जाणकारांचे मत काय आहे?

रूळवेडा

आपल्या घरच्यांनी इंजिनालाच रेल्वे मानले आहे, असे मला वाटते. माथेरानला जे जपले गेले आहे ते मुख्यतः रुळांखाली आहे, म्हणजे तो मार्ग.

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च सुमारे १६ लाख रुपये झाला. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, ठेवण्यामागे निव्वळ काटकसर नव्हती. रूळ जितके जवळ, तितके वळण अधिक तीव्र घेता येते; आणि वळणे घेत डोंगराच्या अंगाने जाता आले, की मोठे पूल आणि लांब बोगदे यांची गरजच उरत नाही. म्हणूनच एवढ्या घाटात 'वन किस टनेल' हा एकच चिमुकला बोगदा आहे.

चढाचे प्रमाण काही ठिकाणी १:२०, म्हणजे वीस फुटांत एक फूट, आहे. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोरघाटात १:३७ चा चढ लागतो आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे १:२० चा अर्थ कळतो. निलगिरीच्या गाडीला अशा चढांवर दातेरी रुळाचा आधार असतो. माथेरानची गाडी मात्र साध्या रुळांवर, केवळ चाकांच्या पकडीवर वर जाते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची पहिली इंजिने याच वळणांसाठी खास बनवलेली होती. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचे आस पोकळ असून ते वळणावर थोडे सरकत आणि फिरत असत, त्यामुळे सहा चाकांचे इंजिन अडकून न पडता वळे. ती इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाली हे खरे, पण ज्या वळणांमुळे ती तशी घडवावी लागली, ती वळणे अजून जागच्या जागी आहेत. डिझेल इंजिनावर वाफेच्या इंजिनाचे कवच चढवून वारसा परत येतो, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही.

शटल अमन लॉजच्या पुढे तुलनेने सपाट माथ्यावरून धावते. झाडी सुंदर आहे, पण तिच्यात बसून घाट दिसत नाही. तो जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप या स्थानकांच्या आसपास, खाली सुटलेला रूळ वळून पुन्हा पायाखाली दिसतो तेव्हा, कळतो. वाफेचेच इंजिन हवे असेल, तर दार्जिलिंग–घूम फेरीचा विचार करावा.

पायथ्याचा

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे. मात्र शटलला हौसेची गाडी म्हणणे मला पटत नाही. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी असल्याने दस्तुरीच्या पुढे घोडा, अलीकडे आलेल्या ई-रिक्षा किंवा स्वतःचे पाय एवढेच पर्याय उरतात, आणि अशा गावात शटल ही रहिवाशांची गरज आहे. २०१९ च्या पावसात घाटातला मार्ग उखडल्यानंतर ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी वर गेली नाही, परंतु शटल त्याआधीच सुरू करण्यात आली होती, यावरून कोणाची निकड अधिक आहे ते दिसते. त्याआधी २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनेही मार्ग जवळपास दोन वर्षे बंद पडला होता. पाऊस हाच या रेल्वेचा खरा शत्रू आहे, आणि म्हणून पावसाळ्याचे चार महिने घाटातली सेवा दरवर्षी बंदच ठेवतात.

बदल झाले आहेत हेही मान्य करायला हवे. पूर्वी डब्यांवर ब्रेकवाले उभे असत आणि उतारावर इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यानुसार हाताने ब्रेक आवळत. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबवण्यात आली आणि पुढे एअर ब्रेक बसवले गेले. वारसाप्रेमींना याचे वाईट वाटते. मला वाटत नाही. ज्या गाडीत लोकांची मुले बसतात, तिचे ब्रेक जुने असणे हा काही अलंकार नव्हे.

दूरदेशी

मी ब्रिटनमध्ये राहतो, म्हणून वेल्समधल्या तालिथलिन रेल्वेचे उदाहरण देतो. स्लेटच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात बांधलेली ही २ फूट ३ इंची रेल्वे खाण बंद झाल्यावर आणि १९५० मध्ये मालक सर हेन्री हेडन जोन्स यांचे निधन झाल्यावर मोडीत निघण्याच्या बेतात होती. टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापून १९५१ पासून ती स्वयंसेवकांच्या बळावर चालवली. अशा प्रकारे वाचवली गेलेली जगातली ही पहिली रेल्वे मानतात. तिथली दोन मूळ इंजिने आजही आहेत. सात मैलांच्या त्या मार्गावर आता खाणीचा माल नाही, येणारा जवळपास प्रत्येक जण पर्यटक आहे.

माथेरानची गाडी मध्य रेल्वेची आहे, तिला गावाचीही ने-आण करावी लागते, आणि तोटा सोसूनही ती चालते. त्यामुळे दोघींना एकच मोजपट्टी लावता येणार नाही. परंतु तालिथलिनच्या स्थानकावर अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे, माहिती देणारी माणसे आहेत, आणि प्रवाशाला आपण काय पाहत आहोत हे कळते. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या तिघी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. माथेरान बरीच वर्षे संभाव्य यादीतच आहे. मानांकन मिळो न मिळो, नेरळला असे संग्रहालय उभारायला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सांजवाट

सर्वांचे आभार. पूर्ण घाट चढायचा हे ठरले. आई-वडिलांना तेवढा वेळ बसणे झेपेल का, एवढीच आता काळजी आहे.

पायथ्याचा

डबे लहान आहेत, आसने अरुंद आहेत आणि डब्यात स्वच्छतागृह नाही. तेव्हा निघण्यापूर्वी नेरळ स्थानकावरच सोय पाहून घ्यावी. जाताना गाडी आणि परतताना शटल व टॅक्सी, असे केल्यास त्यांना दोनदा बसून राहावे लागणार नाही. दिवसभरात नेरळहून मोजक्याच फेऱ्या सुटतात आणि शनिवार-रविवारी जागा लवकर भरतात, म्हणून मधला वार निवडावा आणि वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा तपासावे.