मदत हवी आहे: कंपनी कार्ड मागते, विद्यापीठ देत नाही. इंटर्नशिप सुरू कशी करावी?

नवीवाट (धागाकर्ती)
नमस्कार. मी अमेरिकेत एमएस करते आहे आणि मला उन्हाळ्यासाठी एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचे आहे. कंपनीचा एचआर विभाग माझ्याकडे ‘वर्क परमिटचे कार्ड’ मागतो आहे आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने ‘या उन्हाळ्यात जमणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर पाठवून हात वर केले आहेत. माझ्या होऊ घातलेल्या व्यवस्थापकांनी सुचवले आहे की कागदपत्रे होईपर्यंत मी बिनपगारी, स्वयंसेवक म्हणून सुरुवात करावी. पगार नंतर चालू करता येईल. हे चालेल का, आणि कार्ड लवकरात लवकर कसे मिळेल, एवढेच सांगा. ‘वकिलाला विचारा’ असे कृपया सांगू नका. तेवढे पैसे असते तर धागा काढला नसता.

चौकस
उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. व्हिसा एफ-१ (नेहमीचा विद्यार्थी व्हिसा) आहे की जे-१ (विनिमय कार्यक्रमाचा)? कार्यालयाकडे तुम्ही सीपीटी मागितली होती की ओपीटी, म्हणजे विद्यार्थ्यांना बाहेर काम करू देणाऱ्या दोन परवानग्यांपैकी कोणती? अभ्यासक्रम कोणता, आणि वर्ग प्रत्यक्षात कधी सुरू झाले? जे-१ असेल तर नियम पूर्णपणे वेगळे आहेत आणि पुढची सगळी चर्चा गैरलागू ठरेल.

नवीवाट
एफ-१च आहे. डेटा सायन्स. कार्ड म्हणजेच ओपीटी ना? आधी एक वर्ष शिकलेले असावे ही अट मला ठाऊक आहे आणि माझे वर्ष झालेले आहे. कृपया बिनपगारी कामाबद्दल सांगा, कारण व्यवस्थापकांना उद्याच कळवायचे आहे.

कागदीघोडा
धागाकर्ती, तुमचे एचआर आणि तुमचे कार्यालय दोन वेगवेगळ्या परवानग्यांबद्दल बोलत आहेत, असे मला वाटते. शिकत असताना अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून बाहेर काम करायचे असेल तर ती सीपीटी. तिला कार्ड नसतेच. विद्यापीठातील डीएसओ (आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे काम पाहणारा अधिकारी) सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंद करतो, नवीन आय-२० (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी दर्जाचे प्रमाणपत्र) छापला जातो आणि त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचे नाव, कामाचा पत्ता, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि काम पूर्णवेळ की अर्धवेळ हे लिहिलेले असते. आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ, त्याहून जास्त पूर्णवेळ. ही परवानगी त्या एका कंपनीपुरती आणि त्या तारखांपुरतीच असते.

ओपीटीसाठी मात्र डीएसओची शिफारस मिळाल्यावर आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएस या स्थलांतर विभागाकडे पाठवावा लागतो आणि मग ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे कार्ड, टपालाने येते. सामान्यतः विद्यार्थी हा अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करतात. एचआरमधील माणसाने आजवर फक्त ओपीटीवाले उमेदवार पाहिले असतील तर तो कार्डच मागणार. त्याला एवढेच सांगावे की सीपीटीवरील विद्यार्थ्याच्या आय-९ पडताळणीसाठी (काम करण्याचा हक्क कंपनीने तपासण्यासाठी) पासपोर्ट, आय-९४ ही देशात प्रवेशाची नोंद आणि सीपीटीची नोंद असलेला आय-२० ही कागदपत्रे ग्राह्य धरली जातात.

सीपीटीसाठी इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असावा लागतो, म्हणजे व्यवहारात बहुधा एखाद्या क्रेडिटच्या इंटर्नशिप विषयाला नाव नोंदवावे लागते. तो विषय तुमच्या विभागात आहे का, आणि तुम्ही नोंदवला आहे का?

दुसरी_बाजू
सगळे उगाच घाबरवत आहेत. नियमांत ‘कर्मचारी’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या आहे आणि तिच्यानुसार जो वेतन किंवा इतर मोबदला घेऊन सेवा देतो तो कर्मचारी. मोबदलाच नाही तर नोकरी कुठून आली? मी स्वतः पहिल्या सत्रात एका संस्थेत विनामोबदला काम केले आहे आणि मला कोणी कधी विचारलेले नाही. खुशाल सुरुवात करा.

रोखठोक
दुसरी_बाजू, तुम्ही ज्या संस्थेत काम केले ती धर्मादाय होती की नफ्यासाठी चालणारी कंपनी? सगळा फरक तिथेच आहे. धर्मादाय संस्थेत जेवण वाढायला किंवा मुलांना शिकवायला जाणे हे स्वयंसेवन. एरवी पगारी असलेली जागा पगार न घेता भरणे हे स्वयंसेवन नव्हे. नफा कमावणाऱ्या कंपनीत विनावेतन इंटर्न ठेवता येतो का, यासाठी अमेरिकेच्या कामगार विभागाने २०१८ पासून ‘मुख्य लाभार्थी कोण’ ही कसोटी स्वीकारलेली आहे; तिच्यात सात मुद्दे तपासले जातात आणि त्यात इंटर्नचे काम नेहमीच्या कर्मचाऱ्याच्या कामाची जागा घेते का, हा एक आहे. इथे तर व्यवस्थापक उघडपणे म्हणतो आहे की नंतर याच कामाचा पगार सुरू करू. म्हणजे मोबदल्याचे आश्वासन पहिल्या दिवसापासूनच आहे.

आणि ‘कोणी विचारले नाही’ हा पुरावा होत नाही. प्रश्न पुढे येतो: एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी, ग्रीन कार्डाच्या वेळी. एफ-१ दर्जा गमावल्यावर तो परत मिळवण्याचा जो अर्ज असतो, त्याचीही एक अट हीच आहे की विनापरवाना नोकरी केलेली नसावी. हजेरी बुडाली, क्रेडिट कमी पडले, तर समजावून सांगता येते. विनापरवाना कामाला तो मार्गच उरत नाही.

दुसरी_बाजू
सात मुद्द्यांची कसोटी ही कंपनीने पाळायची आहे, विद्यार्थ्याने नव्हे. कामगार कायदा आणि स्थलांतर कायदा यांची तुम्ही सरमिसळ करत आहात.

रोखठोक
कायदे दोन आहेत, हे मान्य. पण काम ‘नोकरी’ ठरले की दोन्हीकडून ठरते, आणि दंड कंपनी भरेल, तर देश विद्यार्थिनीला सोडावा लागेल. धोका कोण घेत आहे ते बघा.

खारीक
एक महत्त्वाची गोष्ट कोणी सांगितलेली नाही. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी सहसा अनिवासी धरला जातो आणि त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची (निवृत्तिवेतन आणि आरोग्य विम्याच्या सरकारी योजनांची) कपात व्हायला नको. बऱ्याच कंपन्या ती चुकून करतात. पहिली पगारपावती नीट तपासा आणि कपात झाली असेल तर आधी कंपनीकडेच परतावा मागा.

नवीवाट
खारीक, पगारच नाही तर पावती कसली तपासू? कागदीघोडा, धन्यवाद, विभागात इंटर्नशिपचा तीन क्रेडिटचा विषय आहे आणि माझ्या मार्गदर्शकांनी त्यावर सही करायची तयारी दाखवली आहे. तरीही कार्यालय नाही म्हणते, म्हणूनच मला हा आडमुठेपणा वाटतो. वर्गातल्या दोन मुलांना याच विषयावर सीपीटी मिळाली आहे.

चौकस
मी पुन्हा तेच विचारतो, कारण उत्तर अजून आलेले नाही: तुमचे वर्ग कोणत्या महिन्यात सुरू झाले? प्रवेशपत्रावरची तारीख नको, वर्गात बसलात ती हवी.

नवीवाट
प्रवेश मागच्या ऑगस्टचा होता. व्हिसाची मुलाखत वेळेत मिळाली नाही म्हणून विद्यापीठाने तो जानेवारीवर ढकलला. वर्ग जानेवारीत सुरू झाले. पण प्रवेश ऑगस्टचाच आहे, आणि शुल्काचा पहिला हप्तासुद्धा तेव्हाच भरलेला आहे.

चौकस
मग गाठ सुटली. सीपीटीचा नियम असा आहे की विद्यार्थी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ आणि वैधरीत्या शिकलेला असला पाहिजे. मोजणी शुल्कापासून होत नाही. तुमच्या वर्गातली ती दोन मुले ऑगस्टमध्ये आली असणार. मे महिन्यात त्यांची दोन सत्रे झाली आणि तुमचे एक. डिसेंबरचे सत्र संपले की तुमचे वर्ष पूर्ण होईल. कार्यालयाचे उत्तर तुटक असेल, पण आडमुठे नाही.

हीच अट पदवी पूर्ण होण्याआधी घ्यायच्या ओपीटीलाही आहे. आर्थिक अडचणीच्या कारणावरून जी बाहेरच्या कामाची परवानगी मिळते तिलाही आहे. त्यामुळे आय-७६५ भरून किंवा घाईची प्रीमियम सेवा घेऊनही जूनपर्यंत काही होणार नाही. फी मात्र जाईल.

उंबरठा
एक मार्ग आहे आणि तो कायदेशीर आहे. काही विद्यापीठे पहिल्या दिवसापासून सीपीटी देतात. तिथे बदली करून घ्या. मी घेतली होती, आठवडाभर काम आणि महिन्यातून एकदा वर्गासाठी प्रवास. माझे आज सगळे व्यवस्थित आहे. हवे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव सांगतो.

रोखठोक
व्यनि करू नका. पहिल्या दिवसापासूनच्या सीपीटीचा अपवाद नियमात खरोखर आहे, पण तो पदव्युत्तर अभ्यासक्रमापुरता आणि तो अभ्यासक्रमच विद्यार्थ्यांना लगेच प्रशिक्षणाला पाठवणे बंधनकारक करत असेल तरच. काही विद्यापीठांनी त्याचे दुकान केले आहे. एच-१बीच्या अर्जावर अशा सीपीटीबद्दल खुलासे मागितले जातात. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली तर त्या पातळीची ओपीटी संपते, आणि डेटा सायन्सच्या विद्यार्थिनीला ओपीटीची १२ महिने आणि त्यानंतरची स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी) २४ महिने वाढ गमावणे म्हणजे एका उन्हाळ्यासाठी तीन वर्षे देऊन टाकणे आहे.

शिवाय मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ आठवते का? २०१९ मध्ये उघड झाले की ते संघराज्य सरकारच्या तपास यंत्रणेनेच उभारलेले बनावट विद्यापीठ होते. ना वर्ग, ना प्राध्यापक. पकडलेल्यांत बहुसंख्य भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतल्या बहुतेकांना देश सोडावा लागला.

उंबरठा
फार्मिंग्टनशी माझ्या विद्यापीठाची तुलना करणे अन्यायाचे आहे. आमच्याकडे वर्ग होत होते, परीक्षा होत होत्या. शिवाय रोखठोक यांनी धागाकर्तीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, मी दिले.

रोखठोक
तुमचे विद्यापीठ खोटे आहे असे मी म्हटलेले नाही. तपासणी करणारा अधिकारी दोन्हींकडे एकाच संशयाने पाहतो, एवढेच म्हटले.

मेपलपान
म्हणूनच मी कॅनडा निवडला. इथे सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास बाहेर काम करता येते, नोव्हेंबर २०२४ पासून ते २० वरून वाढवले आहे. वर्षाची वाट पाहावी लागत नाही.

कागदीघोडा
मेपलपान, माहिती बरोबर आहे, पण या मुलीने कॅनडाचा व्हिसा घेतलेला नाही.

पाटीपेन्सिल
मी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे एक वेगळी वाट सुचवतो. ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या कामाला वर्षाची अट नाही. सत्रात आठवड्याला २० तास आणि सुटीत, पुढच्या सत्राला परत नाव नोंदवणार असाल तर, पूर्णवेळ. आता मेख अशी की ‘आवारातले काम’ या व्याख्येत विद्यापीठाशी शैक्षणिकदृष्ट्या संलग्न असलेली बाहेरची जागासुद्धा येऊ शकते. त्यासाठी ते काम विद्यापीठाच्या प्रस्थापित अभ्यासक्रमाशी निगडित असावे लागते, किंवा पदव्युत्तर पातळीवरच्या कराराने निधी मिळालेल्या संशोधन प्रकल्पाशी. आणि दोन्ही प्रकारांत ते तुमच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग असावे लागते.

तेव्हा तुमच्या विभागातील एखाद्या प्राध्यापकाचा त्याच कंपनीशी संशोधनाचा करार आहे का, हे विचारा. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने असेच एका उत्पादकाच्या चाचणीकेंद्रात पूर्ण उन्हाळा काम केले. संशोधन प्रकल्पाचा निधी विद्यापीठाकडे येत होता आणि पगारपत्रक विद्यापीठाचे होते. करार नसेल तर हा मार्ग बंद, आणि घाईघाईने कागदावर करार उभा करायला कोणाला सांगू नका. करार असला तरी शेवटचा शब्द डीएसओचा, आणि तो लेखी घ्या.

दुसरी_बाजू
हे म्हणजे माझ्याच मुद्द्याला मागच्या दाराने प्रवेश दिला.

पाटीपेन्सिल
मागच्या दाराने नव्हे. इथे परवानगी आधी आहे आणि काम नंतर. तुमच्या सल्ल्यात क्रम उलटा होता.

नवीवाट
दोन दिवसांनी लिहिते आहे. डीएसओंना प्रत्यक्ष भेटले. चौकस यांनी सांगितले तेच त्यांनी सांगितले, फक्त या वेळी एका ओळीत नव्हे. जानेवारीपासून सीपीटीचा अर्ज करता येईल. संशोधनाच्या कराराबद्दल विचारले तेव्हा विभागातून कळले की त्या कंपनीशी कोणाचाही करार नाही, त्यामुळे ती वाट बंद. बिनपगारी सुरुवातीला मी व्यवस्थापकांना लेखी नकार दिला आहे आणि जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवता येईल का, असे विचारले आहे. एचआरने ‘पुढील वर्षी पुन्हा मुलाखत होईल’ असे कळवले, म्हणजे हातातली जागा गेली. वाईट वाटतेच. आमच्या सांख्यिकीच्या प्राध्यापकांकडे उन्हाळ्यासाठी सहायकाची जागा आहे, तिथे अर्ज करते आहे. आता एकच प्रश्न: पुढच्या वर्षी असेच झाले आणि कंपनीने रुजू होण्याआधी घरून काही प्रशिक्षणाच्या चित्रफिती पाहायला लावल्या, तर ते काम धरले जाते का?

कागदीघोडा
कंपनीने बंधनकारक केलेले प्रशिक्षण हे कामच समजून चाला, घरून केले तरी आणि त्या तासांचा पगार दिला नाही तरी. आय-२०वर जी सुरुवातीची तारीख असेल तिच्याआधी लॉगिनसुद्धा करू नका. कंपनीला प्रशिक्षण आधी हवे असेल तर नियुक्तिपत्रातील तारीखच आधीची करून घ्या आणि त्याच पत्रावरून सीपीटी मागा. पत्रात कामाचा पत्ता, आठवड्याचे तास आणि दोन्ही तारखा असू द्या. बहुतेक अर्ज याच्यावरच अडकतात. आणि प्राध्यापकांकडची जागा मिळालीच तर त्या आवारातल्या कामावर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज आत्ताच करता येईल, पुढच्या उन्हाळ्यात तेवढी एक रांग कमी.