मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात पार्कमधलं मॅन्युफॅक्चर्ड होम विकलं जात नाहीये

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या मावशीच्या घराचा आहे. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर कोण काय सांगणार, म्हणून सगळंच लिहिते.

मावशी साउथ बेमधल्या (सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचा दक्षिण भाग) एका मोबाइल होम पार्कात राहते. शहराचं आणि पार्कचं नाव मुद्दाम देत नाही. घर 1978 चं डबलवाइड आहे, म्हणजे कारखान्यात दोन भागांत तयार करून ट्रकवरून आणलेलं आणि जागेवर जोडलेलं. दोन बेडरूम, दोन बाथरूम. छप्पर काकांनी नवीन घालून घेतलं होतं. मागे लिंबाचं झाड, कढीपत्ता. घर मावशीचं, जमीन पार्कच्या मालकाची, आणि त्या जागेचं भाडं महिन्याला सोळाशे डॉलर. काका गेल्या वर्षी गेले. मावशीला आता मुलीकडे टेक्सासला जायचंय. घर विकल्याशिवाय ती जाऊ शकत नाही, कारण घर रिकामं असलं तरी जागेचं भाडं सुरूच राहतं.

आम्ही दोन लाख दहा हजार किंमत लावली. आजूबाजूला अशी घरं त्याच भावात गेलेली आहेत. बघायला लोक येतात, घर आवडतं, आणि मग गाडी अडते.

एका मराठी जोडप्याने जवळजवळ होकार दिला होता. त्यांच्या बँकेने सांगितलं की जमीन सोबत नसेल तर गृहकर्ज मिळणार नाही, दुसरीकडून चॅटल लोन (जंगम वस्तूवरचं कर्ज) घ्या. त्याचा दर नऊ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि ते मागे फिरले. दुसरे एक गृहस्थ बरीचशी रक्कम रोख द्यायला तयार होते. ते पार्कच्या ऑफिसात गेले तेव्हा त्यांना कळलं की नव्या माणसाला भाडं एकवीसशे पडेल. त्यांनी तिथल्या तिथे पन्नास हजार कमी करायला सांगितलं. आणखी एका बाईंनी राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज दिलाय, त्यावर ऑफिसकडून काहीच उत्तर नाही. आणि आता मॅनेजरने मावशीला सुचवलंय की एवढी दगदग कशाला, पार्कच घर घेईल, पंचेचाळीस हजारांत.

मावशी थकली आहे. ‘देऊन टाकू आणि मोकळी होऊ’ म्हणते. काकांनी आयुष्यभराची बचत घातलेलं घर असं जाताना मला बघवत नाही.

आणखी दोन गुंते आहेत. टायटलवर (मालकीच्या कागदावर) ‘लीगल ओनर’च्या रकान्यात अजून जुन्या फायनान्स कंपनीचं नाव आहे, कर्ज कधीच फिटलंय. आणि घराच्या एका भागावरची हडची (केंद्रीय गृहनिर्माण खात्याची) लाल प्रमाणपत्र-पट्टी सापडत नाही, बहुधा बाहेरचे पत्रे बदलताना गेली.

कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा. कुठून सुरुवात करू?

---

प्रतिसाद (सॅन होजेहून):

आधी मावशींना सांगा की कशावरही सही करायची नाही. पंचेचाळीस हजारांची ऑफर पुढच्या महिन्यातही असेल.

सुरुवात टायटलपासून करा. पार्कमधल्या घराची नोंद काउंटीत जमिनीसारखी होत नाही. ती राज्याच्या एचसीडी या गृहनिर्माण खात्याकडे असते, थेट गाडीच्या आरसीसारखी. त्या कागदावर नोंदलेला मालक वेगळा आणि ‘लीगल ओनर’ वेगळा. लीगल ओनर म्हणजे कर्ज देणारा. त्याचं नाव निघाल्याशिवाय घर कोणाच्याही नावावर होणार नाही, त्यामुळे खरेदीदार मिळण्याआधीच हे उरकून घ्या. ती कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर आजची कंपनी शोधून तिच्याकडून कर्जफेडीचा दाखला घ्यायचा. बँक होती आणि बुडाली असेल तर एफडीआयसीकडे (बँक ठेवींचा विमा उतरवणारी केंद्रीय संस्था) अर्ज करता येतो.

दुसरं, काकांचं नाव. टायटलवर दोघांच्या नावांपुढे काय लिहिलंय ते बघा. जेटीआरएस (संयुक्त मालकी, एक गेला की सगळं दुसऱ्याचं) असेल तर मृत्यूचा दाखला आणि एचसीडीचे अर्ज एवढ्यावर मावशींच्या एकटीच्या नावावर होतं. टेनकॉम (प्रत्येकाचा हिस्सा वेगळा) असेल तर काकांचा हिस्सा वारसांकडे जातो. तरी घाबरू नका, बहुतेक वेळा कोर्टात प्रोबेट (वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया) करावं लागत नाही. मृत्यूला चाळीस दिवस झाल्यावर प्रोबेटशिवाय नाव बदलायचा एचसीडीचाच फॉर्म आहे.

---

धागाकर्ती:

खूप आभार. आत्ताच मावशीकडून फोटो मागवला. जेटीआरएसच आहे. फायनान्स कंपनीचं नाव गुगलवर टाकलं तर ती दुसऱ्या कंपनीने घेतल्याचं दिसतंय, उद्या फोन करते. लाल पट्टीचं काय?

---

प्रतिसाद (फ्रीमाँटहून, कर्जाच्या क्षेत्रात काम करतो):

पट्टी लावायची सक्ती 15 जून 1976 पासूनची आहे. त्या दिवसापासून कारखान्यात बनलेल्या घरांना हडचा केंद्रीय कोड लागू झाला. घर 1978 चं आहे ही जमेची बाजू समजा, कारण त्या तारखेआधीच्या घरांना बहुतेक कर्ज कंपन्या दारातूनच परत पाठवतात. प्रत्येक भागाला स्वतंत्र पट्टी असते, म्हणून डबलवाइडला दोन. हरवली तर हड नवी देत नाही, मात्र आयबीटीएस ही संस्था जुन्या नोंदी तपासून पडताळणीचं पत्र देते आणि कर्ज कंपन्या ते मानतात. अर्जात सीरियल नंबर लागतो. तो टायटलवर मिळेल. शिवाय घराच्या आत कुठेतरी एक डेटा प्लेट चिकटवलेली असते, कागदाची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतून, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात बघा. सापडली तर तिला रंग लागू देऊ नका.

कर्जाबद्दल: त्या जोडप्याला बँकेने चुकीचं सांगितलं नाही. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था) जी कर्जं विकत घेतात ती साधारणपणे घर आणि जमीन मिळून स्थावर मालमत्ता असेल तरच. भाड्याच्या जागेवरचं घर जंगम धरलं जातं, म्हणून चॅटल लोन, म्हणून चढा दर आणि कमी मुदत. पण सगळीकडे दर एकच नसतो. कॅलिफोर्नियातल्या काही क्रेडिट युनियन पार्कमधल्या घरांना कर्ज देतात. तुम्ही स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन करा, ‘1978 चं डबलवाइड, पार्कमध्ये, किती टक्के डाउन पेमेंट, काय दर’ एवढं विचारून कागदावर लिहून ठेवा आणि जो घर बघायला येईल त्याच्या हातात तो कागद द्या. लोक घर आवडूनही जातात, कारण कर्ज कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक नसतं. पट्टीचं पत्र आणि हा कागद तयार असेल तर निम्म्या शंका संपतात.

अजून एक. 1 जुलै 1980 पूर्वी पहिल्यांदा विकलेली घरं सहसा स्थानिक मालमत्ता करात नसतात, त्यांची एचसीडीकडे दरवर्षी फी भरावी लागते. ती थकलेली नाही ना ते बघा. अशा घरावर खरेदीदाराला विक्रीकरही लागतो. एस्क्रोवाल्यांकडून (सौद्याचे पैसे आणि कागद सांभाळणारी तटस्थ कंपनी) आकडा आधीच काढून घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी वाद नको.

---

प्रतिसाद (सॅक्रामेंटोहून):

वरचं सगळं बरोबर आहे, पण तुमचं खरं दुखणं एकवीसशे हा आकडा आहे. यावर कोणी बोललं नाही म्हणून हिशोब मांडतो.

खरेदीदार जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता वेगळा मोजत नाही, महिन्याला खिशातून किती जाणार तेवढंच बघतो. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी कर्ज घेतलं तर महिना शंभर डॉलरच्या हप्त्यात साधारण अकरा हजार शंभर डॉलर कर्ज बसतं. म्हणजे भाडं शंभरने वाढलं की त्याची ऐपत अकरा हजारांनी घटली. सोळाशेचे एकवीसशे झाले, पाचशे वाढले, म्हणजे मावशींच्या घरातले पंचावन्न हजार गेले. त्या गृहस्थांनी पन्नास मागितले ते उगाच नाही. घर तेच, छप्पर तेच, पैसे मात्र जमीनमालकाकडे सरकले. आणि किंमत अशी पडली की तोच मालक पंचेचाळीस हजारांत घर मागतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण यात बहुतेक वेळा सापडतात ती एकटी, वयस्कर माणसं. घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. 1978 चं डबलवाइड सोडवून हलवायला हजारो डॉलर लागतात आणि बे एरियात एवढं जुनं घर आत घेणारं रिकामं पार्क मिळणं जवळपास अशक्य.

तर पहिला फोन शहराच्या हाउसिंग विभागाला करा. प्रश्न एकच विचारा: घर विकल्यावर नव्या भाडेकरूचं भाडं वाढवण्यावर इथे मर्यादा आहे का? शहरागणिक नियम वेगळे आहेत. सॅन होजेचं उदाहरण सांगतो, तिथल्या अध्यादेशात वार्षिक वाढ महागाई निर्देशांकातल्या वाढीच्या 75 टक्के, किमान 3 आणि कमाल 7 टक्के अशी बांधलेली आहे. विक्रीच्या वेळचा नियम मात्र वेगळा वाचावा लागतो. तुमच्या शहरात असा नियम निघाला तर एकवीसशेचा आकडा लेखी आव्हान देऊन खाली आणता येईल. नसेल तर किंमत त्या भाड्याप्रमाणे धरून चला, नाहीतर घर पडून राहील आणि दर महिन्याला सोळाशे जात राहतील. हे ऐकायला वाईट वाटेल, तरी सांगतो.

---

प्रतिसाद (ठाण्याहून):

इथलं काही कळत नाही, पण वाचून गिरगावातली आमची पागडीची खोली आठवली. ती देताना मालकाची संमती आणि त्याचा वाटा, दोन्ही द्यावं लागलं. तिकडेही पार्कचा मालक विक्रीतला हिस्सा मागू शकतो का?

---

प्रतिसाद (सॅन होजेहून):

नाही. कॅलिफोर्नियात मोबाइल होम रेसिडेन्सी लॉ आहे, नागरी संहितेच्या कलम 798 पासून पुढे. विकणाऱ्याने पार्ककडून काही सेवा मागितली नसेल तर पार्क विक्रीवर फी घेऊ शकत नाही. आमच्यामार्फतच विका अशी सक्तीही करू शकत नाही. घरावर ‘विकणे आहे’ची पाटी लावायचा हक्क मालकाला आहे.

धागाकर्तीसाठी: ज्या बाईंनी अर्ज दिलाय त्यांच्याबद्दल. सगळी माहिती मिळाल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत पार्कने लेखी होकार किंवा नकार द्यायचा असतो, आणि नकार असेल तर कारण द्यायचं असतं. मुख्य कारणं दोन. एक, भाडं भरायची ऐपत नाही. दोन, आधीच्या घरमालकांकडच्या अनुभवावरून हा माणूस नियम पाळणार नाही असं सकारण वाटतं. इन्कम टॅक्सचे रिटर्न मागता येत नाहीत. पार्क 55 वर्षांवरच्यांसाठी राखीव असेल तर वयाची अट वेगळी, ते बघून घ्या.

मावशींनी आजच दोन पत्रं द्यावीत, दोन्ही लेखी, तारखेसह, पोच घेऊन. पहिलं: अर्ज कोणत्या तारखेला पूर्ण झाला आणि उत्तर कधी मिळेल. दुसरं: विक्रीआधी घराच्या बाहेरच्या बाजूला कोणत्या दुरुस्त्या हव्यात याची यादी. ती मागितल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. ही यादी आधी हातात असली की ऐनवेळी ‘पायऱ्या बदला, पोर्च बदला’ असं सांगून सौदा लांबवता येत नाही.

उत्तर आलंच नाही तर एचसीडीकडे या कायद्याच्या तक्रारींसाठी 2020 पासून स्वतंत्र कार्यक्रम सुरू आहे. जीएसएमओएल ही घरमालकांची राज्यभरची संघटना 1962 पासून काम करते. पार्कात त्यांचं कोणी सभासद असेल तर मावशींनी त्यांच्याशी जरूर बोलावं, शेजारच्या घराचा सौदा कसा झाला ते त्यांनाच माहीत असतं.

---

धागाकर्ती:

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने ‘असंच असतं’ एवढंच ऐकत होतो.

डेटा प्लेट सापडली, स्वयंपाकघराच्या कपाटात, अक्षरं नीट वाचता येतात. फायनान्स कंपनी दाखला द्यायला तयार आहे, फक्त मृत्यूचा दाखला आणि टायटलची प्रत मागितली. शहराच्या ऑफिसात निरोप ठेवलाय. दोन्ही पत्रांचा मसुदा केलाय, उद्या मावशीसोबत जाऊन देते.

एक शंका उरली. मावशीने आत्ताच टेक्सासला जाऊन भाडं भरत राहिली तर चालेल का? तिला एकटं राहवत नाही.

---

प्रतिसाद (सॅन होजेहून):

चालेल, पण घर सोडत असल्याची नोटीस पार्कला देऊ नका. ती साठ दिवसांची नोटीस टेनन्सीच (जागेवरचा भाडेहक्क) संपवते, आणि टेनन्सी संपली की जागेवर उभं घर विकायची ताकद गेली. भाडं, पाणी, वीज वेळेवर जाऊ द्या, बाग कोणाकडून तरी साफ ठेवा. थकबाकी किंवा वाढलेलं गवत, यातलं काहीही पार्कच्या हातात द्यायचं नाही. मधल्या काळात कोणाला भाड्याने ठेवायचा विचार असेल तर आधी पार्कचे नियम वाचा, बहुतेक ठिकाणी मनाई असते.

निघण्याआधी एचसीडीच्या अर्जांवर मावशींच्या सह्या करून घ्या आणि तुमच्या नावाने नोटरी केलेलं मुखत्यारपत्र करा. स्मोक अलार्म आणि भूकंपात पाण्याचा हीटर पडू नये म्हणून बांधलेले पट्टे तपासून घ्या, विक्रीच्या कागदांत त्याचं लेखी निवेदन द्यावं लागतं. पट्टे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

---

प्रतिसाद (सॅक्रामेंटोहून):

शहराने काय सांगितलं ते इथे नक्की लिहा. भाड्याचा आकडा पक्का झाला की किंमत किती ठेवायची ते मिळून काढू. तोपर्यंत पंचेचाळीस हजारांना फक्त ‘विचार करतो’ म्हणा, तेही तोंडी.