चिमणीचा पाइप: बिल्डरचं 4 इंची भोक चालेल का, की 6 इंचीच पाडावं?

रसिका_ठाणे
सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. स्वयंपाकघरासाठी 60 सेंमीची, ताशी 1200 घनमीटर सक्शनची चिमणी घेतली आहे, तिचं तोंड 6 इंची. शेगडी आतल्या भिंतीला आहे आणि ड्राय बाल्कनीची भिंत तिथून डावीकडे साधारण 6 फुटांवर. त्या भिंतीत बिल्डरने 4 इंची पीव्हीसी स्लीव्ह (आरपार नळी) ठेवलाय. फिटर म्हणतो, रिड्यूसर (मोठा पाइप लहानाला जोडणारा तुकडा) लावून त्यातूनच काढू, फोडाफोड कशाला? दुसरं म्हणजे भिंत पश्चिमेला आहे, पावसाचा मारा थेट येतो. पाणी आत येऊ नये म्हणून काय करायचं?

साइट_सुपरवायझर
रिड्यूसर लावू देऊ नका. 6 इंची पाइपचं तोंड साधारण 182 चौ. सेंमी, 4 इंचीचं 81. तेवढीच हवा त्यातून काढायची तर वेग सव्वादोन पट आणि पाइपातलं घर्षण जवळपास साडेसात पट होतं. मोटर तर तीच. म्हणजे हवा कमी जाते, आवाज वाढतो, आणि बाहेर न गेलेली वाफ फिल्टरवर नि वरच्या कपाटाच्या बुडाला तेल होऊन चिकटते. खोक्यावरचे 1200 हे पाइप न जोडता मोजलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आधीच त्याहून कमी मिळतात. त्यात आणखी गळा आवळायचा कशाला?

भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे ते बघा. नव्या टॉवरांत मायवान पद्धतीने बाहेरच्या भिंती अख्ख्या काँक्रीटच्या ओततात. तशी असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. वीट किंवा एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक असेल तर बीमच्या खाली 3-4 इंच सोडून भोक घ्या. बीमचं बूड 8 फुटांवर असेल तर भोकाचा मध्य साधारण 7 फूट 4 इंचांवर येतो. जवळ खिडकी असेल तर लिंटेल (खिडकीवरची आडवी पट्टी) दोन्ही बाजूंना 6 ते 8 इंच भिंतीत शिरलेलं असतं, ते टाळा.

छिन्नी-हातोडा नको, कोअर कटिंगवाला (मशीनने गोल भोक कापणारा) बोलवा. हातोड्याने बाहेरचं प्लास्टर हातभर निघतं आणि पुढे गळती तिथूनच सुरू होते. भिंतीत 6 इंची जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा स्लीव्ह बसवायचा, म्हणून भोक 165 मिमीच्या आसपास हवं. कापताना पाणी वाहतं, त्यामुळे ओटा आणि प्लग पॉइंट प्लास्टिकने झाका. शेवटचा तुकडा बाहेर पडतो, तेव्हा बाल्कनीत माणूस उभा करा. भिंत थेट उघड्यावर असेल तर खाली दोरी बांधून जागा मोकळी ठेवा.

अभि77
वरच्याशी सहमत. फिटिंगमध्ये नेहमी बिघडतं ते सांगतो.

चिमणीच्या तोंडाशी प्लास्टिकचे दोन पडदे असतात, हवा उलटी येऊ नये म्हणून. फिटर पाइप फार खाली दाबतो किंवा लांब स्क्रू मारतो, मग पडदे अडकतात. कधी कारखान्यातली चिकटपट्टीही काढलेली नसते. पाइप बसवल्यावर, पण वरचं कव्हर लावण्याआधी, मोटर चालू करून दोन्ही पडदे पूर्ण उघडतात का ते डोळ्यांनी बघा. स्क्रूऐवजी क्लॅम्प आणि त्यावर ॲल्युमिनियम टेप लावा. साधी सेलोटेप उन्हाळ्यात सुटते.

चुण्यांचा ॲल्युमिनियम पाइप पूर्ण ताणून, जास्तीचा कापून टाकायचा. 10 फुटी पाइप 7 फुटांत कोंबला की त्याला पोट येतं, आणि त्या पोटात तेल साचतं. तुमच्याकडे एकच वळण येईल, तेही मोठ्या गोलाईचं ठेवा. कपाटांवरून जाणारा सरळ भाग जीआय पाइपचा केलात तर उत्तमच.

शेगडीपासून चिमणीचं बूड 26 ते 30 इंच, पण आधी मॅन्युअल बघा. एएसी ब्लॉक असेल तर साधे प्लास्टिक प्लग ढिले होतात, त्यासाठी वेगळे नायलॉन अँकर मिळतात. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवायचा.

रसिका_ठाणे
भिंत ब्लॉकची आहे, खात्री करून घेतली. पण ड्राय बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या आहेत आणि तिथेच वॉशिंग मशीन, गॅस गीझर. हवा त्या बाल्कनीत सोडली तर चालेल का?

साइट_सुपरवायझर
नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर तेल बसेल. पाइप बाल्कनीतूनही पुढे न्या आणि स्लायडिंगच्या वरच्या पॅनेलमधून बाहेर काढा. प्लंबिंगच्या डक्टमध्येही सोडू नका, वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममध्ये फोडणीचा वास गेला की तक्रार ठरलेलीच.

पावसासाठी: 6 फुटांना एक ते दीड इंच उतार बाहेरच्या दिशेने. तोंड भिंतीपेक्षा 2-3 इंच पुढे, त्यावर खाली तोंड असलेलं काउल कव्हर. सिलिकॉन कव्हरच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावायचं, खालची कड उघडी ठेवायची, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडतं. स्लीव्हभोवतीची फट नुसत्या फोमने भरून सोडू नका, उन्हाने त्याचा भुगा होतो. बाहेरून पॉलिमर मॉर्टर भरा. कबुतरांसाठी 10-12 मिमीची जाळी पुरते. मच्छरजाळी लावली तर थोड्याच दिवसांत तेलाने बंद होईल.

न्यू_जर्सीकर
गीझरचं वाचलं म्हणून लिहितेय. चिमणी जितकी हवा बाहेर फेकते तितकी कुठून तरी आत यावी लागते. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, निवासी बांधकाम संहितेत घरात साध्या धुराड्याचं गॅसचं उपकरण असेल आणि हूड (चिमणी) 400 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर, म्हणजे ताशी सुमारे 680 घनमीटरच्या पुढे गेला, की बाहेरची हवा आत आणण्याची सोय मागतात, आणि हूडचा पाइपही गुळगुळीत धातूचाच लागतो. तुमच्याकडे खिडक्या बंद असल्या तर चिमणी ती हवा ड्राय बाल्कनीतून ओढेल, गीझरचा धूर उलटा घरात येईल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची दुसरी खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. गीझरलाही स्वतःचा, थेट बाहेर जाणारा पाइप हवा. तो चिमणीच्या पाइपला जोडून देतो असं फिटर म्हणाला तर ऐकू नका.