चर्चा: सोलापूरच्या नळाला मीटर हवा की ठोक पाणीपट्टीच बरी?

अक्कलकोट रोड
माझं मत आधीच सांगतो. मीटर हवा. ठोक पाणीपट्टी गरिबाच्या बाजूची आहे, हे मला अजिबात पटत नाही.

वर्षाची रक्कम एकदा भरली की पुढचा प्रत्येक हंडा फुकट. मग जपून वापरायचं कशाला? पण पाणी तर सगळ्यांना पुरत नाही. त्यामुळे कुणाला किती मिळणार हे पैशानं न ठरता टाकी, मोटर आणि रिकामा वेळ यांवर ठरतं. ज्याच्या बंगल्यात जमिनीखाली हौद आहे, त्याला पाणी रोज आलं काय नि चार दिवसांआड आलं काय, सारखंच.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत बघा. पाण्याची पाळी आली की बाई मांडीवरचं सूप बाजूला ठेवते. तंबाखू, कापलेली पानं, दोरा, सगळं तसंच. बॅरल, घागरी, पातेली भरेपर्यंत हात रिकामा होत नाही. त्यात शेजाऱ्यानं नळाला थेट मोटर जोडली की हिच्याकडची धार करंगळीएवढी होते. मजुरी हजार विड्यांवर मिळते. जेवढ्या वळायच्या राहिल्या तेवढे पैसे गेले. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. ही तिची खरी पाणीपट्टी, आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही.

वर नासाडी वेगळीच. पुढच्या वेळी पाणी येईल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो आणि ताजं आलं की शिळं ओतून देतो.

दिल्लीत 2015 पासून महिन्याला 20 हजार लिटरपर्यंत घरगुती पाणी मोफत आहे. मोफत देण्यासाठीसुद्धा आधी मोजावं लागतं. मात्र तिथं मर्यादा ओलांडली की सगळ्याच पाण्याचं बिल येतं, ते चूक आहे. फक्त वरच्या पाण्याला दर लावावा.

कन्ना चौक
दादा, तुमचा हिशोब एका घराला एक नळ असलेल्यांचा आहे. पूर्व भागातल्या वाड्यांत एका नळावर चार-चार बिऱ्हाडं आहेत. मीटर नळ मोजणार, माणसं नाही.

दक्षिण आफ्रिकेत हेच घडलं. तिथं घरटी महिन्याला 6 हजार लिटर मोफत होतं. जोहान्सबर्ग शहरात, सोवेटोतल्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर बसवले. मोठ्या कुटुंबांचं मोफत पाणी महिना संपायच्या आत संपायचं आणि नळ बंद व्हायचा. लोक कोर्टात गेले. 2009 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं निकाल महापालिकेच्या बाजूनं दिला. बंगल्यातल्या तिघांना जेवढं मोफत, तेवढंच चौदा जणांच्या वाड्याला, हा कसला न्याय? वेळेची किंमत तुम्ही बरोबर मांडलीत, पण त्यावर औषध म्हणजे रोज पाणी. ते मीटरनं येत नाही.

विजापूर वेस
घागरी कसल्या मोजताय! उजनीत एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, तरी 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तळाच्या मृतसाठ्यात गेलं. ते काय आपण भांडी घासून गेलं? राज्यात पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांहून कमी, आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी त्याला, हे काही वर्षांपूर्वी केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच म्हटलं होतं. शिवाय शहरासाठी भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत येताना मुरतं, उपसलं जातं. पहिला मीटर तिथं लावा.

मोहोळचा शेतकरी
ऊसवाल्याला चोर ठरवणं सोपं आहे. 2024-25 ला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, क्विंटलला 340 रुपये होती. कारखान्यानं उशीर केला तरी भाव कायद्यानं ठरलेला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण ठरल्या भावानं उचलणारा कोण? हमीभाव कागदावर. तुम्ही माझ्या जागी असता तर काय लावलं असतं? ज्वारीच्या खरेदीची हमी द्या, पाण्याचा दर मग वाढवा. आधी दर वाढवलात तर मोठा बागायतदार बोअर पाडेल आणि दोन एकरवाला मरेल.

अक्कलकोट रोड
मोहोळकर, तुमच्याशी माझं भांडण नाही. कालव्याचं पाणीही बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र बघून आकारतात, प्रत्यक्ष किती घेतलं यावर नाही. म्हणजे शेतात आणि नळावर एकच रोग. पण ऊस हटेपर्यंत शहरानं काहीच करू नये, हे मान्य नाही. नळावरची मोटर पकडायची तर त्या नळातून किती गेलं हे कळायलाच हवं.

कन्ना चौक, तुमचा मुद्दा वजनाचा आहे. म्हणून मोफत पाणी माणशी द्यावं, रेशनकार्डावरच्या नावांप्रमाणे.

कन्ना चौक
भाडेकरूंचं काय? यंत्रमागावर काम करणाऱ्या कितीतरी जणांची कार्डं गावाकडं, नाहीतर तेलंगणात आहेत. माणशी मोजायचं असेल तर आधी वाड्यात येऊन बिऱ्हाडं मोजा आणि प्रत्येकाला वेगळी जोडणी द्या. त्या जोडणीचा खर्च मालकावर टाकलात तर तो भाड्यात वसूल करील. तो खर्च कोण उचलणार ते सांगा, मग मीटरला माझा विरोध नाही.