सदोष साडी परत घेण्यास नकार : पावतीवरील छापील ओळ ग्राहकावर बंधनकारक आहे का?

मृणाल, सातारा :
मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्यातील एका दुकानातून अकरा दिवसांपूर्वी आम्ही १८,५०० रुपयांची रेशमी साडी घेतली. दुकानात गादीवर पदर, काठ आणि ब्लाउजपीस एवढेच उलगडून दाखवले होते. फॉल-पिकोला देण्याआधी मी घरी खिडकीपाशी साडीची पूर्ण घडी मोडली, तेव्हा निऱ्यांच्या भागात वीतभर पट्ट्यात आडवे धागे इतके विरळ दिसले की मागे धरलेले बोट स्पष्ट दिसत होते. साडी एकदाही नेसलेली नाही आणि किमतीची चिठ्ठीही तशीच आहे. साडी घेऊन पुन्हा पुण्याला गेलो असता, “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पावतीवरील ओळ दाखवून दुकानदारांनी “घेतानाच नीट पाहायचे होते” असे सांगितले. बऱ्याच विनवण्यांनंतर तीन महिन्यांत वापरायची क्रेडिट नोट देऊ केली, पण आम्हाला पैसेच परत हवे आहेत. ते मागण्याचा हक्क आम्हाला आहे का, आणि त्यासाठी पुण्यालाच खेटे घालावे लागतील का?

ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता :
मृणालताई, हक्क निश्चित आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास पावतीवरील मुदतीत, आणि पावतीवर मुदत नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर काहीही छापले तरी दुकानदाराला ही जबाबदारी झटकता येत नाही.

“नीट पाहायचे होते” या म्हणण्याचा मात्र गांभीर्याने विचार करावा लागेल, कारण मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात त्याला काही आधार आहे. ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल त्याला नंतर तक्रार करता येत नाही. तुमच्या बाबतीत दोष घडीच्या आत होता आणि तो भाग तुमच्यासमोर उलगडलाच गेला नव्हता. त्यामुळे काय दाखवले आणि काय दाखवले नाही, हे तक्रारीत अगदी तपशिलाने लिहा.

पुण्याला जाण्याची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची सोय ग्राहक संरक्षण अधिनियमानेच दिली आहे, म्हणजे तुमची तक्रार साताऱ्यात दाखल होईल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

कापड व्यावसायिक, सोलापूर :
मी स्वतः दुकानदार आहे आणि मृणालताईंची मागणी मला रास्त वाटते. विणकामातील दोष असेल तर आम्ही साडी विणकराकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवतो, त्यामुळे तो तोटा ग्राहकाच्या माथी मारण्याचे कारणच नाही. परंतु रंग घरच्यांना पसंत पडला नाही किंवा बेत बदलला म्हणून चांगला माल परत घेण्याची सक्ती या कायद्याने दुकानदारावर केलेली नाही. तिथे दुकानाने स्वतः जे कबूल केले असेल तेवढेच मागता येते, आणि हा फरक दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवला पाहिजे.

वैशाली, नाशिक :
माझ्या अनुभवावरून एवढेच सांगते की क्रेडिट नोट स्वीकारू नका आणि “तक्रार मिटली” अशा अर्थाच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. मिक्सरच्या प्रकरणात मी तशी सही करून बसले आणि पुढे प्रत्येक वेळी तोच कागद माझ्यापुढे ठेवला गेला. साडीला फॉल लावू नका, कारण सुई लागली की दोष तुमच्याकडेच झाला असे म्हणायला जागा मिळते. विरळ भागाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढा आणि ३० दिवस उलटण्याच्या आत पैशांची लेखी मागणी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

मृणाल, सातारा :
सर्वांचे मनापासून आभार. साडी मूळ घडीवर पुन्हा बांधून ठेवली आहे. पत्राचा मसुदा आज लिहिला असून त्यात दुकानात काय उलगडून दाखवले होते ते क्रमाने नमूद केले आहे. उद्या सकाळी पोस्टात देते. सोबत पावतीची झेरॉक्सच जोडते, मूळ पावती माझ्याकडेच राहील.